बिबड्यांवरचा दगड

भुसावळहून सुटणारी सुरतेकडची पॅसेंजर जळगावला थांबली, आणि माझे व्याही सपकाळे साहेब पांढराशुभ्र शर्ट, पांढरी पँट आणि चकाकते काळे बूट घालून डब्यात चढले. आम्ही विहिरीच्या मलब्यात दगड शोधायला निघालो होतो.

"जयभीम तायडे साहेब! कपडे ठीक आहेत ना? डोंगरात जायचंय म्हणून साधेच घातले."

"उत्तम आहेत," मी म्हणालो. व्याह्यांना दुसरं काय म्हणणार?

मी दीपनगरच्या वीज केंद्रातून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालो. मला गारगोट्या जमवायचा नाद आहे. रस्त्यावरच्या साध्या गारगोट्या नव्हेत, काळ्या खडकाच्या पोकळीत वाढलेले टोकदार, पाण्यासारखे स्वच्छ स्फटिक. घरातलं काचेचं कपाट त्यांनी भरून गेलं, तेव्हा बायकोने चहाचे कप कुठे ठेवायचे असं विचारलं होतं. यंदा हिवाळ्यात आमची प्रज्ञा जळगावच्या पिंप्राळ्यातल्या सपकाळ्यांकडे सून म्हणून गेली. त्यानंतर बायको एकच घोकत होती, "व्याह्यांना सोबत न्या, ओळख वाढेल."

मला खरं तर फक्त दगडांत रस होता. त्यातच माझा जुना सहकारी नाना याचा शिंदखेड्याजवळच्या त्याच्या गावाहून फोन आला होता, "आमची विहीर खोल केली, काचेसारखे दगड निघालेत, ये लवकर." म्हटलं, चला, दोन्ही कामं होतील.

अमळनेरपर्यंत आम्ही एकमेकांच्या तब्येतीच विचारत होतो. पुढे केळीच्या बागा मागे पडल्या. कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेली शेतं आली, बाभळी आल्या, आणि कुणी बांधून अर्धवट सोडलेल्या भिंतीसारख्या लांबच लांब काळ्या टेकड्या दिसू लागल्या. बोलायला विषय मिळाला म्हणून मी सांगू लागलो, "हा सगळा लाव्हा. थंड होताना त्यात बुडबुडे अडकले. मग त्या पोकळ्यांमध्ये पाणी झिरपलं आणि हळूहळू स्फटिक तयार झाले. गारगोटीसोबत स्टिलबाइट असतं, जर्दाळूच्या रंगाचं, पाकळ्यांसारखं. नशीब असेल तर हिरवं अपोफिलाइटही."

सपकाळे साहेबांनी लक्ष देऊन ऐकलं. "म्हणजे करंजी," ते म्हणाले. "बाहेरून पारी, आत सारण."

इतकी वर्षं लोकांना समजावतोय, पण मला हे सुचलं नव्हतं.

शिंदखेड्याला नाना मोटारसायकल घेऊन आला होता. पाहुण्यांनी शेवटी बसू नये म्हणून व्याह्यांना मध्ये घेतलं. गावात पोचेपर्यंत त्यांच्या शर्टाची पुढची बाजू नानाच्या पाठीच्या रंगाची झाली आणि मागची माझ्या पिशवीच्या.

विहिरीपाशी मलबाच नव्हता. "अरे, तो तर पंचायतीने रस्त्याच्या खड्ड्यांत टाकला," नाना म्हणाला. "तुला सांगायचं राहिलं."

आम्ही तिघं वाकून रस्ता बघत चाललो. स्फटिकांचा नुसता चुरा झाला होता. ट्रॅक्टरवाला थांबून म्हणाला, "काय हारायनं का भाऊ?" (काय हरवलं का?) "दगड शोधी राहिनूत," नाना म्हणाला. ट्रॅक्टरवाल्याने रस्ताभर पसरलेल्या दगडांकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि गिअर टाकून निघून गेला.

मी इतका हिरमुसलो की नानाला दया आली. त्याने आम्हाला त्याची थोरली बहीण सुमनअक्का हिच्या घरी जेवायला नेलं. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची), ठेचा आणि वरून तेल. सपकाळे साहेबांना ठेचा लागला. ते सभ्यपणे रडत जेवले.

जेवण झाल्यावर हात धुवायला आम्ही गच्चीवर गेलो, आणि तिथे मला तो दिसला.

गच्चीभर जुनी लुगडी पसरली होती आणि त्यांच्यावर ताज्या बिबड्या (ज्वारी भिजवून, शिजवून घातलेले मोठे पापड) वाळत होत्या. वाऱ्याने लुगडी उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवले होते. एका कोपऱ्यावर नारळाएवढा खडक. त्यावर गारगोटीची झुपक्यासारखी टोकं, मध्ये जर्दाळू रंगाच्या पाकळ्या, आणि त्यांच्या बेचक्यात नखाएवढा एकच हिरवा स्फटिक. मी तिथेच वाकलो.

शेजारी सपकाळे साहेबही वाकले. "करंजी," ते पुटपुटले.

"बघा ना तुम्ही," मी म्हणालो.

"छे, आधी तुम्ही."

"नाही नाही, तुमचा मान."

असं करत करत आम्ही दोघांनी मिळून तो उचलला. त्याच क्षणी वारा आला. लुगड्याचा कोपरा शिडासारखा वर उठला, दुसऱ्या कोपऱ्यावरचा दगड घसरला आणि बिबड्या सुटल्या. काही शेजारच्या अंगणात गेल्या, एक शेळीच्या पाठीवर बसली. एक अर्धी ओली बिबडी सपकाळे साहेबांच्या चेहऱ्यावर येऊन चिकटली. त्यांनी ती काढली नाही, कारण त्यांच्या हातात दगड होता.

"मन्या बिबड्या!" (माझ्या बिबड्या!) सुमनअक्का जिन्यातूनच ओरडली. तिने आमच्या हातातला दगड बघितला. "दगड उचला ना? आते तुम्हीच दगड व्हा! बसा आठे! बठ्ठ्या वाळतस तवलगून आठून हालनं नई!" (दगड उचललात ना? आता तुम्हीच दगड व्हा! बसा इथे, सगळ्या वाळेपर्यंत इथून हलायचं नाही!)

आम्ही बसलो. समोरासमोरच्या कोपऱ्यांवर, दोन व्याही, मांडी घालून. अक्काने दोघांच्या डोक्यावर एकेक ओला पंचा टाकला. नाना खाली जाऊन झोपला.

ऊन उतरत नव्हतं. डोक्यावरचे पंचे वाळले. मग मला वाटलं, आता आपण दगडच आहोत, दगडाला कसला मानपान? गेले कित्येक दिवस मनात ठेवलेला प्रश्न मी विचारून टाकला.

"सपकाळे साहेब, आमची प्रज्ञा... रमली का हो तुमच्याकडे?"

त्यांनी गालावरचं बिबडीचं पीठ खरवडलं. "खरं सांगू? आल्यावर आठवड्यातच ती मला म्हणाली, पप्पा, तुम्ही फार घोरता. साहेब, मी आयुष्यभर घोरतोय, पण आमच्या घरात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळे मला घाबरतात. आता ती बोलते तर बाकीचेही बोलायला लागलेत. रोज माझी एक नवी चूक कळते." ते थांबले. "घर भरल्यासारखं वाटतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ठेच्याचा हात लागला असं मी त्यांना सांगितलं.

बिबड्या वाळल्या तेव्हा अक्काने तो दगड हातात घेऊन उलटापालटा केला. "हाऊ काय सोनाना शे का?" (हा काय सोन्याचा आहे का?) मग आमची उन्हाने तांबडी झालेली तोंडं बघून म्हणाली, "लई जा." (घेऊन जा.) वर प्रत्येकाला बिबड्यांची पिशवी दिली.

परतीच्या गाडीत दगड आमच्या मधल्या जागेवर होता. जळगाव जवळ आलं तसा मी रीतीप्रमाणे म्हणालो, "सपकाळे साहेब, तुम्हीच न्या हा."

"छे छे, छंद तुमचा."

"नाही, तुम्हीच न्या."

आता त्यांनी पुन्हा नको म्हणायचं, मी आणखी एकदाच आग्रह करायचा, आणि मग नाइलाजाने दगड मी घ्यायचा, ही जगाची रीत आहे. सपकाळे साहेब म्हणाले, "बरं. एवढं म्हणताय तर."

आणि तो अक्काच्या पंच्यात गुंडाळून ते उतरले.

भुसावळपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर अंधार होता, दिसत काहीच नव्हतं. बायकोने विचारलं, "काय मिळालं?" मी बिबड्या दाखवल्या. ती खूश झाली.

लेकीच्या सासरी बापाने सारखं जाऊ नये, लोक नावं ठेवतात, असं आमच्याकडे म्हणतात. लग्नानंतर मी एकदाच गेलो होतो, तेही पेढ्यांचा पुडा घेऊन, खुर्चीच्या कडेवर बसून परत आलो. पण दगड तिकडे गेल्यावर दोनच दिवसांनी प्रज्ञाचा फोन आला. "पप्पा, लवकर या. इकडचे पप्पा फरशी धुवायचं अॅसिड घेऊन बसलेत, म्हणतात दगड चमकवतो."

मी चप्पल उलटी घालून निघालो. अॅसिडने त्या पाकळ्या वाया गेल्या असत्या. प्रज्ञाने तोवर त्यांना चहात गुंतवलं होतं, तरी पोचलो तेव्हा बाटलीचं झाकण नुकतंच उघडलं होतं. बाटली हिसकावून मी मोरीत बसलो, साधं पाणी घेतलं, मऊ ब्रश मागितला, आणि आम्ही दोघांनी तो दगड पाकळी न् पाकळी धुतला. प्रज्ञा दारात उभी राहून हसत होती. मग तिने ब्रश नीट बघितला आणि तिचं हसणं थांबलं. तो तिचाच होता, दात घासायचा.

धुतलेला दगड उन्हात ठेवल्यावर सपकाळे साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचीच वस्तू आहे साहेब. आज घेऊन जा."

त्यांच्या घरातल्या टीव्हीवर त्यासाठी जागा केली होती, खाली विणलेला रुमाल अंथरला होता. मी म्हणालो, "नको. इथेच राहू द्या. महिन्यातून दोनदा धुवावा लागतो तो."

खरं तर धुवावा लागत नाही. पण हे पिंप्राळ्यात कुणाला माहीत नाही.