सिस्टर, खरं काय?

सरकारी दवाखान्यात मी एकतीस वर्षं नर्स होते. सुरुवातीची बरीच वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. तिथं माझ्यासोबत एक मुसलमान सिस्टर होत्या, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. सगळे त्यांना आपा म्हणायचे, डॉक्टरसुद्धा. उस्मानपुऱ्याच्या बाजारामागं आमची गल्ली. तिच्यापुढं नाला आणि नाल्यापलीकडं आपांची गल्ली. नाल्यावर दोन फरश्या टाकलेल्या होत्या. सकाळची ड्यूटी असली की आपा त्या ओलांडून अलीकडं यायच्या आणि आम्ही दोघी बरोबर निघायचो.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. एके वर्षी शहरात दंगल झाली आणि कर्फ्यू लागला. आम्हाला तीन दिवस दवाखान्यातच ठेवून घेतलं. कोण जखमी होऊन आलं, कोण गेलं, किती जणांना टाके घातले, हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर झालेलं. घरी आले तर गल्लीत वेगळंच चाललेलं. आमची इतकी माणसं मारली, अमक्याची बहीण पळवली, दुधात विष घातलं. यातलं एकही माणूस दवाखान्यात आलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आपा म्हणाल्या, "आमच्याकडं बी हेच चाललंय ताई. फक्त मारणारे तुमचे आहेत."

माझ्या सासूबाई तेव्हा होत्या. अठ्ठेचाळीस साली निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा त्या लग्न होऊन नुकत्याच सासरी आलेल्या. त्या काळाबद्दल त्या फारशा बोलत नसत. त्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आमच्या गावात आधी बातमी आली, माणसं मागून आली. बातमी खोटी होती. माणसं खरी होती." मी पुढं विचारलं, तर उठून आत गेल्या.

पुढच्या वर्षी आमच्या दोघींच्याही घरी फोन आला. आपापल्या गल्लीतला तो पहिलाच. त्यावर आम्ही एक गोष्ट ठरवली. ठरवली म्हणजे काय, वॉर्डात चहा पिताना बोललो, एवढंच. काही कानावर आलं की आधी एकमेकींना फोन करायचा. दवाखान्यात कळत असेल तर तिथं विचारायचं. मग आपापल्या गल्लीला सांगायचं. आपांची अट एकच होती. "झूट नक्को ताई. जेवढं ठाऊक आहे तेवढंच बोलायचं. ठाऊक नसलं तर ठाऊक नाय म्हणायचं."

पोलीस ठाण्यात शांतता कमिटी होती. सणांच्या आधी तिची बैठक व्हायची, दोन्हीकडचे मोठे लोक चहा-बिस्किटं घेऊन फोटो काढायचे. आम्हाला तिथं कुणी बोलावलं नाही आणि आम्हीही कधी गेलो नाही. पण गल्लीतल्या बायका आमच्या पायरीशी यायला लागल्या.

एकदा आमच्याकडची एक शाळकरी मुलगी दुपारपासून सापडेना. पलीकडच्यांनी पळवली, असं सुरू झालं. पोरं काठ्या घेऊन नाल्याशी जमली. मी आपांना फोन लावला. आपा स्वतः त्यांच्या गल्लीत दार ना दार फिरल्या, मग फरशी ओलांडून अलीकडं आल्या आणि काठीवाल्यांसमोर उभं राहून म्हणाल्या, "माझ्याबरोबर चला, कुठलंबी घर उघडून बघा." कुणी गेलं नाही. संध्याकाळी मुलगी मावशीकडून परत आली. परीक्षेत नापास झाली म्हणून लपली होती. पुढं कधी तरी क्रांती चौकात मिरवणुकीवर दगड आला अशी बोंब उठली. तो दगड नव्हता, जाहिरातीचा फलक वाऱ्यानं पडला होता. डोक्याला खोक पडलेला माणूस दवाखान्यात होता आणि तो स्वतःच तसं सांगत होता. मी गल्लीत सांगितलं, लोक आपापल्या घरी गेले.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. बायका म्हणायच्या, "सिस्टर, खरं काय?" आणि मी सांगितलेलं त्या ऐकायच्या. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करायला हवं.

आमच्या शेजारच्या घरात एक जोडपं राहायचं. तो चाळिशीचा, शेंद्र्याला कंपनीत मशीनवर कामाला. शांत माणूस. सुट्टीच्या दिवशी छतावर कबुतरांना दाणे टाकायचा. दोन मुली. बायको मला मावशी म्हणायची. पहिली पाळी संपवून तो चार-साडेचारला मोटारसायकलवर घरी यायचा आणि रस्ता जवळ पडतो म्हणून आपांच्या गल्लीतून यायचा.

त्या दिवशी तिथं त्याची गाडी एका केळीच्या हातगाडीला लागली. केळी सांडली. बोलाचाली झाली, कुणीतरी शिवी दिली, कुणीतरी ढकललं. मग हातगाडीवरची सुरी कुणाच्या तरी हातात आली. ती नेमकी कुणाच्या हातात आली यावर पुढं कोर्टात कितीतरी तारखा पडल्या.

आपांची त्या वेळी अपघात विभागात ड्यूटी होती. माझी सुट्टी होती. पाच वाजता गल्लीत आरडाओरडा झाला. "कापला, सिस्टरच्या शेजारच्याला कापला!" मी फोन लावला. आपांनीच उचलला.

"आपा, आमचा शेजारी आणलाय का?"

"हौ."

"कसा आहे?"

मागं स्ट्रेचरची चाकं वाजत होती. मग म्हणाल्या, "गेला, ताई. आणला तेव्हाच गेला होता."

"मी इथं काय सांगू?"

"आपलं ठरलेलं आहे ना."

मी म्हणाले, "आपा, आज नको. नाल्याशी शंभर-दीडशे पोरं जमली आहेत. रात्र निघू द्या. तोवर पोलीस येतील, डोकी थंड होतील. तुम्ही घरी काही कळवू नका." त्या म्हणाल्या, "मी झूट नाय बोलणार. पण गप्प राहते." आणि फोन ठेवला.

मी बाहेर पायरीवर आले. सगळी गल्ली माझ्याकडं बघत होती. सगळ्यांत पुढं त्याची बायको. तिचे हात कणकेनं भरलेले होते.

"मावशी, खरं काय?"

मी म्हणाले, "हाताला लागलंय. टाके पडलेत. जिवाला धोका नाही."

"डावा का उजवा?"

हे मी ठरवलेलं नव्हतं. "डावा," मी म्हणाले.

तिनं पदराला हात पुसले. "बरं झालं. मशीनवर उजवाच लागतो."

पोरं कुरकुरली, एकदोघांनी शिव्या घातल्या, पण पांगली. सिस्टरनं सांगितलं म्हणजे तसंच असणार, असं मी माझ्या कानांनी ऐकलं. थोड्या वेळानं पोलिसांची गाडी आली आणि सात वाजता संचारबंदी लागली, त्यामुळं दवाखान्यात कुणाला जाता आलं नाही. तिच्या धाकट्या मुलीनं भिंतीपलीकडून मला विचारलं, "आज्जी, बाबांना लई दुखत असंल का?" मी म्हणाले, "इंजेक्शन दिलंय."

रात्र शांत गेली. मला खरंच वाटलं, की मी बरोबर केलं.

सकाळी सहाला संचारबंदी उठली आणि जीप आली. आवाज ऐकून त्याची बायको खाली धावली. तिच्या हातात डबा होता, मऊ भात आणि बिनतिखटाचं वरण. ही जीप आपल्याला दवाखान्यात सोडेल असं तिला वाटलं. जीपमधल्या हवालदारानं कागद बघितला आणि सरळ विचारलं, "बॉडी ताब्यात घ्यायला कोण येतंय?"

ती ओरडली नाही. तिनं मागं वळून माझ्या दाराकडं पाहिलं. मी दारातच उभी होते.

तासाभरात सगळ्या गल्लीला कळलं. आता राग दुप्पट होता, कारण आपल्याला फसवलं हाही राग त्यात होता. आलेले पोलीस चौघेच होते. पोरं फरशीवरून पलीकडं गेली.

पलीकडचं मला नंतर कळलं. आदल्या संध्याकाळी आपांच्या गल्लीतल्या लोकांनी भीतीनं बोचकी बांधली होती. सात वाजायच्या आत नातेवाइकांकडं निघून जायचं ठरत होतं. तेवढ्यात नाल्यावरून निरोप पोचला, पलीकडच्या सिस्टरनं सांगितलंय, माणूस जिवंत आहे, फक्त हाताला लागलंय. त्यांनी बोचकी सोडली. दारं लावून झोपले. आपांच्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं, कोपऱ्यावर शिवणकामाचं दुकान होतं. लग्नसराई होती, कपडे द्यायचे होते. ते सकाळी नेहमीसारखं दुकान उघडत होते, पाठ रस्त्याकडं होती.

दुकान जळलं. आपांच्या मालकांना डोक्यात सळई बसली. त्यांना आणलं तेव्हा आपा ड्यूटीवरच होत्या. बदलीची सिस्टर संचारबंदीत अडकली म्हणून त्यांनी रात्रीचीही ड्यूटी केली होती. जखम आपांनीच धुतली, असं त्यांच्या हाताखालच्या पोरीनं मला सांगितलं.

ते वाचले. एक डोळा गेला आणि हाताला कंप राहिला. सुईत दोरा ओवता येईना, म्हणून पुन्हा दुकान काढलंच नाही.

आपा महिन्यानं कामावर आल्या. कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. काय बोलायचं ते मी कितीतरी दिवस घोकून ठेवलं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "आपा, माझं चुकलं."

त्या टोपीला पिन लावत होत्या. "तुम्ही मला विचारलं, मी तुम्हाला सांगितलं," त्या म्हणाल्या. "मी आमच्यांना एक फोन केला असता, तर ते रातीच निघून गेले असते. तुम्ही म्हणालात म्हणून नाय केला. झूट तुमचं असंल, गप्प मी राहिले." मग हात धुवायला गेल्या. रागानं बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

वर्षभरात त्यांनी ते घर सोडलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या लोकांत राहायला गेल्या. त्यांच्या मागोमाग तिथली आणखी घरं गेली. अलीकडं जी दोन मुसलमान घरं होती तीही गेली. नाल्यावरच्या फरश्या कुणीतरी काढून नेल्या आणि दोन वर्षांनी महापालिकेनं तिथं कुंपणाची जाळी बसवली. तिला कुणाचा विरोध नव्हता.

शेजारीण माझ्याशी पुन्हा बोलली ती एकदाच. तेराव्यानंतर मी तिच्याकडं गेले. ती म्हणाली, "मावशी, त्या रात्री मी पोटभर जेवले. पोरींना हसवलं. रात्रभर नीट झोपले." आणि दार लावून घेतलं. दोन्ही मुलींची लग्नं त्यांच्या दारात मांडव घालून, आमच्या भिंतीला लागून झाली. आम्हाला पत्रिका आली नाही.

त्यानंतर पुन्हा एकदा गल्लीत बोंब उठली. कुणीतरी देवळात घाण टाकली म्हणे. मी चौकशी केली, तर गटार तुंबून पाणी आत शिरलेलं. मी बाहेर जाऊन सांगायला लागले. एक पोरगा, ज्याच्या आईचं बाळंतपण मी केलेलं, हात जोडून म्हणाला, "सिस्टर, तुम्ही घरात जा. तेव्हा बी हातालाच लागलं होतं." लोक हसले नाहीत. हसले असते तरी चाललं असतं.

आता सगळ्यांच्या हातात मोबाइल आहेत. कुठल्या कुठल्या गावचे व्हिडिओ आमच्याच शहरातले म्हणून फिरतात. माझा नातू मला दाखवतो आणि मी काही म्हणायच्या आत पुढं पाठवतो. पोलिसांच्या शांतता कमिटीत मला ज्येष्ठ महिला म्हणून घेतलंय. मी जाते. समोर पलीकडच्या वस्तीतले म्हणून जे बसतात त्यांतलं कुणी मला ओळखत नाही, मीही त्यांना ओळखत नाही. साहेब म्हणतात, अफवांवर विश्वास ठेवू नका. आम्ही माना डोलावतो.

गेल्या नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले, तर बाकावर आपा. पाठीत वाकलेल्या, सोबत सून. मला बघून सरकून जागा दिली. गुडघ्यांचं बोललो, साखरेचं बोललो. मालक दोन वर्षांपूर्वी गेले, म्हणाल्या. मला ते कुणी कळवलं नव्हतं. कळवणार तरी कोण?

न राहवून मी विचारलं, "आपा, मी त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

त्या म्हणाल्या, "संध्याकाळी झालं असतं. सकाळी झालं. आमचे लोक वाचले असते, घरं तर जळलीच असती." मग म्हणाल्या, "किंवा नसती बी जळली. काय ठाऊक?"

दाखल्याच्या मशीनवर त्यांचा अंगठा लागेना. आयुष्यभर डेटॉलमध्ये बुडवलेला हात, रेघा पुसल्या गेलेल्या. कारकून म्हणाला, पुन्हा लावा, पुन्हा लावा. पाचव्यांदा लागला. सुनेनं रिक्षा आणली होती. आपा माझ्या डोक्यावर हात ठेवून गेल्या आणि मी माझा नंबर यायची वाट बघत बसले.