साडूभाऊंचा लंबक

आमच्या थोरल्या साडूंइतका भित्रा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडात दुसरा नसेल. चाकणच्या एका कारखान्यात त्यांनी हयातभर मशिनं दुरुस्त केली, पण घरी बल्ब बदलायचा तर आधी मेन स्विच बंद करतात आणि शेजाऱ्यांनाही 'जरा सांभाळून' म्हणून सांगून येतात. पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये ते पंख्याखाली बसत नाहीत, पाहुण्यांनाही बसू देत नाहीत. उन्हाळ्यात आम्ही सगळे भिंतींना चिकटून घाम पुसत गप्पा मारतो.

असा माणूस निवृत्तीनंतर लंबकाचं घड्याळ बनवायला बसला. लंबकाच्या टोकाला चुंबक, त्याखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं. लंबक मागं पडला की सर्किट त्याला हलकासा धक्का देणार. त्या पाच व्होल्टच्या सर्किटला हात लावताना साडू पायात रबरी चप्पल घालायचे. मी म्हटलं, "एवढ्या करंटनं मुंगीसुद्धा मरत नाही." ते म्हणाले, "मुंगीला बीपी नसतं राव."

हा खटाटोप कशासाठी, ते त्यांनी एकदाच सांगितलं. "आमचे वडील शेवटी घरचा रस्ता विसरले होते. या घड्याळाची जोडणीन् जोडणी मला तोंडपाठ आहे. जिथं चुकेन, तिथं कळेल." तेव्हापासून मलाच त्या घड्याळाची धास्ती बसली.

एका रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. "लंबक थांबलाय. सगळं तपासलं, कुठं चुकलो तेच सापडत नाही. तुम्ही या." मी ताथवड्याहून तडक पोचलो. साडू हात मांडीवर ठेवून बसले होते, तेही चक्क पंख्याखाली. मी एकेक वायर पाहिली. सगळं बरोबर होतं. तेवढ्यात त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या ताई, पदराला हात पुसत आल्या.

"अहो, धूळ पुसताना ते तारेचं वेटोळं सरकलं होतं. मी ठेवलं की परत होतं तसं."

'तसं' म्हणजे बोटभर बाजूला. साडूंनी ते जागेवर आणलं, लंबकाला हलकेच बोट लावलं आणि तो डोलत राहिला. साडू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"म्हणजे मी नव्हतो चुकलो."

"नाही, दादा."

मग चहा झाला. "पोरीची परीक्षा कधी आहे?" त्यांनी विचारलं. पुढच्या महिन्यात, मी सांगितलं. कप खाली ठेवता ठेवता त्यांनी पुन्हा तेच विचारलं. ताईंनी माझ्याकडं पाहिलं. मी पुन्हा सांगितलं, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं.