पोह्यांतली चित्रं

माझी चित्रं परदेशात गेली आहेत, हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगतो.

सन पन्नास-पंचावन्नच्या सुमारास मी पनवेलच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. लाकडाच्या ठोकळ्यावर पनवेलचं तळं कोरायचं, शाई लावायची आणि कागदावर छाप काढायचा, हा माझा छंद. तेव्हा आम्हा बेने इस्राएलांतली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंतली, बरीच माणसं इस्राएलला चालली होती. तिकडून माझ्या शोशन आत्याने एक चित्र मागवलं. मी ते बांबूच्या नळीत घालून पाठवलं. पोचलं तेव्हा त्याचा लगदा झाला होता!

"अहो, आगबोटीत हवा दमट असणारच," बायको म्हणाली. "पोह्यांत ठेवा. ओल शोषून घेतील."

"दिना, ही कला आहे. चिवडा नाही!"

पण दिनाने बिस्किटांचा चौकोनी डबा काढलाच. खाली पोहे, मध्ये तळं, वर पोहे. डब्याला कापड शिवलं, लाख लावली. महिन्या-दीड महिन्यात उत्तर आलं, 'फारच छान! आणखी चार पाठव.' मग आत्याच्या शेजारणीचं पत्र आलं, मग शेजारणीच्या व्याह्यांचं.

"एका डब्यात एकच चित्र घाला म्हणतात," मी छाती फुगवून म्हणालो. "किती जपतात बघ!"

"हो ना," दिना पोहे पाखडत म्हणाली.

पुढचं पत्र आलं, 'चित्र लहान असलं तरी चालेल, डबा मोठा असू दे.' (यातही मला रसिकताच दिसली!) मी सरळ राजीनामा लिहिला. आता फक्त कला!

"अहो, घरात चार लेकरं आहेत," दिना सूप बाजूला ठेवत म्हणाली. "थोडं थांबा ना."

"कलावंताला थांबवू नये!" असं म्हणून मी कागद खिशात घालून शाळेकडे निघालो. वाटेत पोस्टमनने आत्याचं पत्र दिलं. तिथेच उभ्याने वाचलं.

'बाबू, एलियाहू हन्नबीचा नवस फेडायचा होता. इथे मलिद्याच्या प्रसादाला पोहे कुठले? सगळ्यांच्या डब्यांतले एकत्र केले. नारळ मिळाला नाही, तरी बारा घरं जमली. पोहे भिजले, गावाकडचा वास सुटला. सगळे रडलो रे. तुझी शाई ओली होती वाटतं, चित्राला चिकटलेले पोहेही खरवडून घेतले. तळ्याला भोक पडलंय. पुढच्या वेळी चित्राची घाई करू नकोस, पोहे तेवढे लवकर पाठव.'

मला हसू आलं आणि रडूही. पोस्टमन घाबरून म्हणाला, "मास्तर, घरी सगळं बरं हाय ना?"

राजीनामा फाडला आणि मुकाट्याने वर्गावर गेलो.

त्याच आठवड्यात आत्याला सगळ्यात मोठा डबा पाठवला. मी हट्टाने त्यात चित्रही घातलं. या खेपेस मात्र ते चार दिवस कडक वाळवलं, पोह्यांना शाई लागायला नको म्हणून!