गच्चीवरचा पगार

गच्चीवर चढलेला माणूस रिकाम्या हाताने खाली उतरत नाही, एक तरी किस्सा घेऊनच उतरतो. आणि तो किस्सा आधी माझ्या टेबलावर येतो! मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन चेन्नईला आले आणि आता मैलापूरच्या एका छोट्या सोलर कंपनीत हिशेब सांभाळते. आमची पोरं उन्हात पॅनल बसवतात, मी पंख्याखाली बसून त्यांचे पगार काढते. त्यामुळे कुणाला किती मिळतं आणि त्याचं पुढे काय होतं, सगळं मला ठाऊक!

*

इथे पगार विचारायला कुणी लाजत नाही. आमचा हेड फिटर मुत्तू शिडीवरून उतरला, की त्या घरची मामी, म्हणजे मालकीणबाई, कॉफीचा टंबलर पुढे करते आणि विचारते, "संबळम् एव्वळवु?" म्हणजे, पगार किती?

पंचाईत अशी, की जास्त सांगितला तर मामी म्हणणार, "मग बिलात कमी करा." कमी सांगितला तर म्हणणार, "नवशिका पाठवलाय वाटतं!"

परवा मुत्तूने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मामी, कॉफी धरून सांगू, की कॉफी सोडून?"

मामीला इतकं हसू आलं, की ती दुसरा टंबलर आणायला आत गेली.

*

शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअरवाल्याचं घर होतं. पोरगा लॅपटॉप बंद करून मुत्तूच्या मागोमाग गच्चीवर आला.

"अण्णा, मजा आहे तुमची! मोकळी हवा, डोक्यावर मॅनेजर नाही. मी पण येतो तुमच्याकडे. देतात किती?"

"तीस हजार."

"आठवड्याला?"

"महिन्याला."

पोराने मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग म्हणाला, "अण्णा, माझी मीटिंग आहे," आणि धडाधडा जिना उतरून गेला!

*

मुत्तूची बायको मात्र खमकी. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्याचं मोठं छत झालं, त्याचा बोनस मुत्तूच्या खिशात पडायच्या आत तिने सोन्याची बांगडी केली. त्या बांगडीचं नाव काय, तर इरुंगाट्टुकोट्टै! पोंगलला भेटली तेव्हा मनगट पुढे करून म्हणाली, "अक्का, इरुंगाट्टुकोट्टै जरा सैल झालंय."

मी विचारलं, "आणि दुसरा हात रिकामाच?"

"त्याचं टेंडर अजून निघालं नाही!"

*

सेल्वम आमचा इलेक्ट्रिशियन. दिवसभर भाजून निघतो बिचारा, म्हणून हप्त्यावर एसी घेतला. पण विजेच्या बिलाची इतकी धास्ती, की पाहुणे आले तरच लावतो. त्याची बायको ऑफिसात येऊन माझ्याशी भांडली. "हा गावभरची बिलं शून्यावर आणतो, आणि आमच्या घरी रिमोट कपाटात!"

मी सेल्वमला झापलं. "अरे शहाण्या, स्वतःच्या घरावर बसव की दोन पॅनल!"

"अक्का, गच्ची घरमालकाची आहे."

"मग त्याला विचार!"

"त्याचं बिल मीच शून्यावर आणलंय. तेव्हापासून तो चोवीस तास एसीत झोपतो!"

*

आता आमच्या प्राणेशचं सांगते. तोही पॅनलच बसवतो, तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातला. त्याचं मराठी ऐकून मला आधी हसू यायचं, आता माया येते. त्याला आईवडील नाहीत. एकामागून एक स्थळं पगार ऐकून परत गेली होती आणि पोरगं आतून खचलं होतं. त्यातच एका लग्नात त्याने अनुराधाला पाहिलं आणि मनात धरलं. "अक्का, हितं नाही म्हणाले तर मी पुन्हा कुणाच्या दारी जाणार नाही," म्हणाला. मग वडीलधारी म्हणून मीच गेले त्याच्याबरोबर.

अनुराधा शाळेत शिकवते. आई गेल्यापासून शाळेतून आल्यावर घरचा स्वैपाकही तीच करते. तिचे वडील, रामचंद्र राव, बँकेतून रिटायर झालेले. सोज्जी-बज्जीच्या बशा, म्हणजे इथले कांदेपोहे, समोर आल्या आणि आमचे नवरदेव खिडकीतून शेजारच्या गच्चीकडे बघत बसले!

"काय बघताय?" रामचंद्र रावांनी विचारलं.

"दक्षिणेला सावली नाही, मामा. आठ पॅनल सहज बसतील."

मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला. रामचंद्र रावांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"पगार?"

"बावीस हजार."

ओव्हरटाइम धरून सांग म्हणून मी रिक्षात त्याला दहादा बजावलं होतं!

"दर महिन्याला बावीस?"

"नाही, मामा. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत पावसात गच्चीवर चढता येत नाही. तेव्हा निम्माच."

मी मनात म्हटलं, संपलं! पोराने स्वतःच्याच हाताने स्थळ घालवलं.

"निम्मा?" रामचंद्र रावांचा आवाज चढला. "मग ते तीन महिने तुम्ही करता काय?"

"घरीच असतो. स्वैपाक करतो."

इतका वेळ दारात गप्प उभी असलेली अनुराधा एकदम म्हणाली,

"रसम येतं?"

"येतं," प्राणेश म्हणाला.

ती वडिलांकडे वळली. "अप्पा, तुम्हाला आणखी काही विचारायचंय का?"