बोरसे सर आणि फळ्यावरचे दोन एम

आदरणीय यशवंतराव बोरसे सर पंच्याहत्तरी पूर्ण करत आहेत आणि त्यांच्या गौरवग्रंथासाठी मी लिहावं, असा निरोप आला तेव्हा सोबत समितीचं एक पत्रकही आलं. त्यात सरांचा उल्लेख ‘वर्गात बोलीभाषेचा एकही शब्द न उच्चारता खेड्यातल्या मुलांना इंग्रजी शिकवणारे व्रतस्थ शिक्षक’ असा आहे. समितीतली बहुतेक मंडळी माझ्या आधीच्या तुकड्यांतली. त्यांनी पाहिलेले सर तसेच होते, म्हणून त्यांना दोष नाही. पण मी दहावीत असताना सरांचं हे व्रत मोडलं, आणि ते का मोडलं हे सांगितल्याशिवाय मला सरांचा गौरव करता येणार नाही. सरांना विचारूनच लिहिते आहे.

सरांना मी प्रथम पाहिलं ते आठवीच्या पहिल्या दिवशी. आमचं गाव सोनगीरपासून एसटीने पाऊण तासावर. सर वर्गात आले, खुर्चीवर न बसता टेबलाला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, “मी नाशिककडचा. मला तुमची अहिराणी कळत नाही. माझ्याशी इंग्रजीत बोलायचं, अगदीच अडलं तर शुद्ध मराठीत. तिसरी भाषा या खोलीत मला ऐकू येत नाही असं समजा.”

आम्हाला याचा केवढा आनंद झाला म्हणून सांगू. ज्यांच्यासमोर काहीही बोललं तरी चालतं असे मास्तर आम्हाला मिळाले होते. मागच्या बाकावरून कुणीतरी लगेच म्हणालं, “याना चष्मा देख, जशी गाडीनी चाकं.” सर वळले आणि फळ्यावर लिहू लागले. पुढे हे नेहमीचंच झालं. कुणी अहिराणीत काही खोडसाळ बोललं की नेमकं त्याच वेळी सरांना फळ्यावर काहीतरी लिहायचं असायचं. सर तेव्हा हसू लपवत होते, हे आम्हाला दोन वर्षं कळलं नाही.

त्या पद्धतीचं देणं मी नाकारत नाही. सरांना आपलं बोलणं कळत नाही म्हटल्यावर आम्हाला शब्द शोधावेच लागले. तहान लागली, पेन फुटला, पोटात दुखतंय, सगळं इंग्रजीत सांगायचं. मी पहिल्यांदा धडपडत एक पूर्ण वाक्य बोलले तेव्हा सरांनी स्वतःचा जुना शब्दकोश माझ्यापुढे ठेवला आणि “परत आणू नकोस,” एवढंच म्हणाले. आज जळगावच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते ते त्या शब्दकोशाच्या जोरावर. त्याचं पुठ्ठ्याचं कव्हर मी तीनदा बदललं आहे.

आता मंगलविषयी लिहिते. सरांनी मला बजावलं आहे, “तिचं नाव लिही. हजेरीत होतं तसं लिही.” मंगल सुकदेव, इयत्ता नववी, हजेरी क्रमांक सतरा. ती माझ्या शेजारी बसायची. आमचा बाक पहिला, म्हणजे सरांच्या टेबलापासून दोन हातांवर. गणितात ती माझ्या कितीतरी पुढे होती आणि इंग्रजीत कितीतरी मागे, त्यामुळे आमची वह्यांची देवाणघेवाण चालायची.

तो गुरुवार होता. भविष्यकाळ शिकवणं चालू होतं. सर आमच्या बाकाशीच उभे होते. मंगल वहीत बघत, मान वर न करता मला म्हणाली, “सकायपासून मन्ही शाळा बंद. रविवारले मन्हं लगीन शे. कोनले सांगू नको.” उद्यापासून शाळा बंद, रविवारी लग्न. मी घाबरून सरांकडे पाहिलं, तर तीच म्हणाली, “त्यासले काय समजस? त्यासले आपली बोली येस नही.”

सर वळले आणि फळ्यावर लिहू लागले. वाक्य साधं होतं, ‘ती उद्या शाळेत येईल’ याचं इंग्रजी. टुमॉरो या शब्दात एम एकच असतो. सरांनी दोन लिहिले. ज्यांच्या फळ्यावर दोन वर्षांत आम्ही एक चूक पाहिली नव्हती, त्यांनी. वर्गात कुजबुज झाली. सरांनी खडू खाली ठेवला, डस्टर उचललं आणि एक एम पुसून टाकला. मग घंटा झाली.

रविवारी मंगलचं लग्न झालं. मी गेले होते, बुंदी खाऊन आले. तिचं वय पंधरा होतं आणि माझंही. मी कुणाला सांगितलं नाही, कारण तिने सांगू नको म्हटलं होतं. त्या वयात मैत्रिणीचा शब्द पाळणं म्हणजे फार मोठी गोष्ट वाटते. तशी ती वाटायला नको होती.

दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या आधी तिची बातमी आली. सासरी, पहिल्या बाळंतपणात, ती गेली. बाळही गेलं. शाळेत तिच्यासाठी दोन मिनिटं उभं राहणंही झालं नाही, कारण कागदोपत्री ती आमच्या शाळेची राहिलेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले. रोजचं गुड मॉर्निंग झालं नाही. टेबलाला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, “बसा. आज इंग्रजी नही. माले तुम्हनी बोली समजस. पहिला दिनपासून समजस. मी अमळनेरकडला शे. मन्ही माय हाईच बोली बोलस.” कुणीतरी हसलं. सरांच्या तोंडून अहिराणी ऐकणं आम्हाला इतकं विचित्र वाटलं, की हसण्याखेरीज दुसरं काही सुचलं नसावं. सर थांबले नाहीत. “मंगल बोलनी ते मी ऐकेल व्हतं,” एवढं म्हणाले आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले. मी मान खाली घातली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं की नाही, मला माहीत नाही.

सर आमच्याशी खोटं बोलले, याचा राग मला पुष्कळ वर्षं होता. पुढे त्यांनीच सांगितलं. अमळनेरजवळच्या खेड्यातून बी.एड. करायला बाहेर गेले असताना पाठ घेता घेता त्यांच्या तोंडून ‘आहे’च्या जागी ‘शे’ गेलं. वर्ग हसला, परीक्षकही हसले. त्या दिवसापासून सरांनी स्वतःची भाषा घासून काढली, आणि नोकरी लागली तेव्हा नाशिककडचे होऊन आले. आईला त्यांनी आमच्या गावात कधी आणलं नाही. ती ओट्यावर बसून चार बायकांशी बोलली असती तर सगळं उघडं पडलं असतं. म्हातारी तिकडे एकटी राहिली. दहावीतल्या त्या दिवसानंतर महिन्याभरात सर तिला घेऊन आले. ती पुढे चार वर्षं जगली आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायांची मावशी झाली. सरांच्या मते ती चार वर्षं फार थोडी होती.

यानंतरचे सर मी दुरून पाहिले, पण नीट पाहिले. वर्गातली पहिली दहा मिनिटं ते अहिराणीत बोलू लागले. कोण आलं नाही, का आलं नाही, घरी काय चाललंय. मग इंग्रजी. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरेबुकात ‘बोलीभाषेचा वापर टाळावा’ असं लिहिलं. सरांनी त्याखाली सही केली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अहिराणीत हजेरी घेतली. गौरवग्रंथात सहसा लिहीत नाहीत, पण हेही लिहायला हवं की पुढची दोन वर्षं शाळेचा इंग्रजीचा निकाल खाली आला. मुलांना सोपी वाट मिळाली होती. काही पालकांनी तक्रार केली. सरांनी ती तक्रार खोटी ठरवली नाही.

मुलगी सलग दोन दिवस आली नाही की सर सायकल काढत. माझी धाकटी बहीण त्याच शाळेत होती म्हणून एकदा मीही सोबत गेले होते, तिच्याच वर्गातल्या मुलीच्या घरी. बाप दारात आला, “पोर मामाकडे गेली” असं चांगल्या शुद्ध भाषेत सांगून आत गेला. सर हलले नाहीत. आई भांडी घासत होती. सर तिच्यापासून चार हातांवर जमिनीवरच बसले.

“पोर कोठे शे, अक्का?”

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, “वावरमा शे.”

“शाळामा काबर येस नही?”

“तिना बाप नही म्हनस.”

“तिले येवानं शे का?”

“तिले ते येवानं शे, गुरजी. तिले कोन इचारस?”

हेच शुद्ध मराठीत विचारलं असतं तर आईही ‘मामाकडे गेली’ असंच म्हणाली असती. ती मुलगी पुढे परिचारिका झाली, धुळ्याला असते. पण सगळ्याच परत आल्या असं नाही. ज्या आल्या नाहीत त्यांची नावं सरांना पाठ आहेत. आल्या त्यांची विचारली तर सरांना आठवावी लागतात.

काही वर्षांपूर्वी जळगावला आमच्या विषयशिक्षकांच्या प्रशिक्षणात वाद रंगला होता. भाषा शिकवणाऱ्याला मुलांची घरची भाषा यावी का? कुणी म्हणालं, आली तर मुलं दुसरी भाषा शिकतच नाहीत. कुणी म्हणालं, न आली तर मूल बोलतच नाही. मी सरांना मुद्दाम बोलावलं होतं. सर उठून म्हणाले, “दोन्ही बाजू खऱ्या आहेत, मी दोन्हींकडून शिकवलं आहे. येत नसेल तर येत नाही म्हणा आणि मुलांनाच विचारा. मला येत होती आणि मी नाही म्हणालो. माझ्याकडे तीन दिवस होते. मुलीचं घर शाळेपासून सायकलने दहा मिनिटांवर होतं. पण गेलो तर मला कळतं हे गावाला कळलं असतं.” आणि खाली बसले. निवेदकांनी आभार मानून चहाची सुट्टी जाहीर केली.

चहा घेताना सरांनी मला विचारलं, “ते दोन एम तू देखेल व्हतात ना?” मी हो म्हटलं. म्हणजे सरांनी ऐकलंय हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडंसं कळलंही होतं. सरांना कळलंय, तर आता सर बघतील, असं समजून मी बुंदी खायला गेले. आणि सरांना वाटलं असावं, पोरगी मैत्रीण आहे, ती घरी सांगेल. सरांचे ते तीन दिवस माझेही होते. हे मी सरांना त्या दिवशी सांगितलं. त्यांनी कपातला चहा तसाच ठेवला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला त्यांचं सगळ्यात मोठं देणं विचारलं तर मी तो शब्दकोश नाही, हा हात सांगेन, कारण त्यात माफी नव्हती. नुसती सोबत होती.

आज माझ्या वर्गात असोद्याकडून येणारी मुलं आहेत. त्यांची बोली माझी अहिराणी नव्हे, मला ती अर्धीमुर्धी कळते. जे कळत नाही ते मी विचारते. मुलं हसतात, मग सांगतात. आणि कुणी मान खाली घालून शेजारच्या मुलीशी काही बोललं, तर मी फळ्याकडे वळत नाही.

सरांना आता उजव्या कानाने ऐकू येत नाही. डाव्या बाजूला बसून, थोडं मोठ्याने बोलावं लागतं. गेल्या महिन्यात हा लेख मी त्यांना वाचून दाखवला. ‘व्रतस्थ’ शब्द आल्यावर ते कसनुसं हसले. मंगलच्या वाक्यापाशी मला थांबवून म्हणाले, “तिनी असं म्हनेल नव्हतं. ‘कोनले सांगू नको’ आधी म्हनेल व्हतं. मंग लगीननं सांगं.” मी आठवून पाहिलं. सरांचंच बरोबर होतं. वर मी ते चुकीच्या क्रमाने लिहिलं आहे आणि तसंच ठेवलं आहे, म्हणजे कोण किती जपतंय ते वाचणाऱ्यांना कळेल.

सरांना उत्तम आरोग्य लाभो, डावा कान शाबूत राहो, आणि त्यांनी शंभरी पाहावी, अशी मी मनापासून प्रार्थना करते. यात माझा स्वार्थ आहे, तोही सांगून टाकते. मंगलचं ते बोलणं ऐकलेले आम्ही दोघंच होतो. सर, तुम्ही खूप जगा. तुमच्यामागे ते ऐकलेली मी एकटी उरेन, आणि मला तर ते आत्ताच चुकीचं आठवू लागलं आहे.