डावखुरे मावळे

आम्ही चौघी रोज चारच्या चहानंतर माझ्या ओट्यावर बसतो. चौघींचे मिळून आठ गुडघे, त्यातले कामाचे तीन. तरी सागरगोटे खेळतो. खाली बसवत नाही, म्हणून मधे स्टूल ठेवून त्यावर. गिरणीवालीचा हात थरथरतो. तिने वर उडवलेला गोटा कुठे उतरेल याचा भरवसा नाही. परवा माझ्या चहात उतरला. गिरणीवाली म्हणजे कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीची मालकीण. दुसरी मास्तरीणबाई. शिकवायचे ते त्यांचे मालक, पण ते गेल्यापासून इतिहासाचा तास त्याच घेतात. आणि तिसरी माझी गाववाली. आम्ही दोघी जामखेडकडच्या एका वाडीतल्या, एका वर्गातल्या, आणि लग्न होऊन देवळालीत आलो त्याही एकाच गल्लीत.

त्या शनिवारी गाववालीचा आमच्यातला शेवटून दुसरा दिवस होता. सोमवारी लेक गाडी घेऊन येणार आणि तिला पुण्याला नेणार, कायमची. घराला कुलूप. मी लेकाला फोन करून भांडून पाहिलं, तर तो म्हणाला, "मावशी, तिच्या गुडघ्यांचं तुमी बघनार हाय का?" माझेच गुडघे सुनबाई बघते, मी काय बोलणार!

पण माझं खरं दुखणं वेगळं होतं. तेरा वर्षांची असल्यापासून तिला एक गोष्ट सांगायची राहिली होती. सोमवारच्या आत सांगायची, असं मी ठरवलं होतं. ठरवून पाच दिवस झाले होते. रोज तोंड उघडायचे आणि कुणीतरी म्हणायचं, "साखर कमी पडली का गं?"

त्या दिवशीही गप्पा कुठल्या कुठे चालल्या होत्या.

"नातू दिवसभर मोबाईलवर मानसं मारतो," गिरणीवाली सांगत होती. "जेवाया हाक मारली तर म्हनतो, थांब आज्जी, दोनच राह्यलीत."

"तू विटी मारून दिराचा दात पाडला हुतास," गाववाली म्हणाली. "ते काय मोबाईलवर का?"

"त्यो दात हलतच हुता!"

त्यावरून दिराचं दुसरं लग्न निघालं, लग्नावरून एका सिनेमातलं लग्न निघालं, आणि सिनेमावरून मास्तरीणबाईंनी गाडी इतिहासावर नेली. त्यांच्याकडे इतिहास सकाळी सातला मोबाईलवर येतो. "मावळे दोन्ही हातांनी तलवार चालवायचे," त्या म्हणाल्या. "आलंय तसं."

गाववालीने माझ्याकडे बोट केलं. "दोन न्हाई, डाव्या हातानं. इचारा हिला! हिनं डोळ्यानं बघितलंय."

तिघी हसत सुटल्या. ही गोष्ट ओट्यावर शंभरदा झालेली आहे. पण अर्धीच झालेली आहे, आणि ते मला एकटीला ठाऊक.

सगळ्यांना माहीत असलेला अर्धा भाग असा. आमच्या वाडीच्या यात्रेत तंबूतला सिनेमा आला होता, मावळ्यांचा. मी आणि गाववाली सातवीत. तिकिटाला पैसे नव्हते आणि घरून परवानगी त्याहून नव्हती. दिवेलागणीला मी कनातीखालून सरपटत आत शिरले आणि हिला पायाला धरून ओढून घेतली. आम्ही निघालो ते नेमक्या पडद्याच्या मागच्या बाजूला. मला वाटलं, सिनेमा असाच असतो. समोर ओळीने माणसं बसलेली दिसली, तर म्हटलं, बिचाऱ्यांना उलट्या बाजूला बसवलंय! तिथून सगळे मावळे डाव्या हाताने लढत होते. महाराजांनी आशीर्वाद दिला तोही डाव्या हाताने. आमच्या घरात डाव्या हाताने भाकरी मोडली तर हातावर उलथनं बसायचं, आणि इथे एवढी थोर माणसं सगळी डावखुरी. मी भारावून गेले.

आठवड्याने गुरुजींनी मावळ्याचं चित्र काढायला सांगितलं. मी तलवार डाव्या हातात दिली. गुरुजी म्हणाले, चुकलं. आता इथे शहाण्या मुलीने काय करावं? खोडरबर घ्यावं. मी उभी राहिले आणि भर वर्गात गुरुजींना इतिहास शिकवला. "म्या सोता बघितलंय, गुरुजी! समदे डावखुरे हुते!" असा मूर्खपणा करायला नुसती मूर्ख पोरगी पुरत नाही, हुशारीचा गर्व असलेली मूर्ख पोरगी लागते. ती मी होते, दोन वेण्या आणि लाल रिबिनीसकट.

इथवर ओट्यावर हशा होतो आणि गोष्ट संपते.

पुढचं असं की गुरुजींनी मला व्हरांड्यात बोलावलं. कुठे बघितलंस? तंबूत. कुणी नेलं? वर्गात पहिला नंबर गाववालीचा असायचा. गुरुजी फळ्यावर गणित लिहून मागे वळायच्या आत हिचं उत्तर तयार. मला वाटलं, हिला कोण काय बोलणार? मी म्हणाले, "तिनं नेलं. म्या नगं म्हनत हुते."

दुसऱ्या दिवशी हिच्या वडिलांना बोलावणं गेलं. गुरुजींना पाणी द्यायला मीच तांब्या घेऊन गेले होते, दाराआड थांबून मी सगळं ऐकलं. हिचा बाप कमी बोलणारा माणूस होता. दिवाळीनंतर घरची सगळी ऊसतोडीला कारखान्यावर जायची. हिला आजीपाशी ठेवून शिकवायचं त्याच्या मनात होतं, हे त्याने गुरुजींना सांगितलं. मग उठला. "तंबूत जाया लागली म्हंजी म्हातारीला काय आवरती," म्हणाला. "संगं नेतो."

हिला त्याने एवढंच सांगितलं की दुष्काळ आहे, हात कमी पडतात. सांगताना म्हणे रडला. हिने ते रडणं जन्मभर जपून ठेवलं आहे. त्या वर्षी ही कारखान्यावर मोळ्या बांधत होती आणि मी मावळ्याचा हात खोडून परत काढत होते. तिथेच कुणीतरी हिला पाहिलं, सोयरीक झाली, ही देवळालीची झाली. मी मॅट्रिकपर्यंत शिकले, पुढे बालवाडीची बाई झाले. आणि माझं स्थळ कुणी आणलं? हिनेच. "आमच्याकडं पाटाला पानी हाय, हंडा घेऊन हिंडावं लागत न्हाई," म्हणाली. मी लाजून मान खाली घातली. लाजच होती ती, फक्त नवरीची नव्हती.

तर त्या शनिवारी हसणं ओसरल्यावर मी म्हणाले, "ती गोष्ट अजून हाय."

"भूत येतं का त्यात?" गिरणीवालीने विचारलं.

मी सगळं सांगितलं. व्हरांडा, तांब्या, तिचा बाप काय म्हणाला ते. एक शब्द लपवला नाही. सांगताना माझा आवाज कापत होता, तर मास्तरीणबाई म्हणाल्या, "वा! आवाज काय छान लावलाय."

तिघी हसायला लागल्या. गिरणीवालीच्या हातातले सागरगोटे सांडले.

"आईची शप्पथ, खरं हाय," मी म्हणाले.

"रेशनला साबन येनार म्हनालीस तवा कुनाची शप्पथ घेतली हुतीस?" गिरणीवाली म्हणाली. "दोन तास उनात हुबी हुते मी!"

त्यांचं चुकलं नाही. याच ओट्यावर मी सांगितलं होतं की मागच्या विहिरीत रात्री बाई गाणं म्हणते, आणि सिनेमातला एक हिरो गाडी पंक्चर झाली म्हणून माझ्याकडे चहा पिऊन गेला. विहिरीवर गिरणीवालीने लिंबू टाकलं होतं. इतकी वर्षं थापा मारून मी यांना हसवलं. आज खरं सांगायला बसले तर त्यांनी प्रामाणिकपणे हसण्याचं काम केलं.

"अगं, डोळ्यात पानी हाय माज्या," मी गाववालीला म्हणाले. "तुला सांगतीय मी."

"लबाडे!" तिने माझ्या मांडीवर चापट मारली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण हसून आलेलं. "तू आन मला पुढं करशील? कनातीत शिराया तूच तर फुडं हुतीस. आन माज्या बापाला कशाला मधी घेतीस? दुष्काळ हुता तवा. रडला त्यो माज्यासाठी."

मग ती चहाचा कप फिरवत म्हणाली, "आन खरं असलं तरी आता काय? सातवीत नेऊन बसवतीस का?"

मी खाली वाकून सांडलेले सागरगोटे वेचायला लागले. या गुडघ्यांनी! मास्तरीणबाईंनी ते लगेच टिपलं. "बघा, हिची बोलती बंद झाली," म्हणाल्या, आणि पुन्हा हसू फुटलं.

सोमवारी ती गेली. आम्ही तिघींनी गाडीत डबे ठेवले, शेंगदाण्याची चटणी, पापड्या. लेक घाई करत होता. मी खिडकीशी गेले आणि म्हणाले, "त्या दिवसाचं..." ती म्हणाली, "व्हय गं, जोरात झाली गोष्ट," आणि गाडी हलली.

आता तिचा मोबाईलवर फोन येतो, चेहरा दिसणारा. शेजारी तिची नात असते, दहा-अकरा वर्षांची. "हिला ती तुजी गोष्ट सांग, व्हरांड्याची," ती म्हणते. मी सांगते. मीठमसाला लावत नाही, काही गाळत नाही. नात खिदळते, तिचं पाहून आजी खिदळते. परवा मात्र नात एकदम थांबली आणि विचारती झाली, "पण मग आज्जीची शाळा खरंच कशामुळे सुटली?"

मी तोंड उघडलं. पण शेजारून तीच म्हणाली, "दुष्काळ हुता गं बाळा. माजा बाप लई रडला." आणि माझ्याकडे बघत राहिली, मी हो म्हणावं म्हणून.

"व्हय," मी म्हणाले. "लई मोठा दुष्काळ हुता."