सगळ्या रकान्यांत तीन

"घरी मोबाइल हातात देऊन बसवून ठेवता ना तिला? तुमच्याकडे असंच असतं."

कोऑर्डिनेटर मॅडम हे बोलल्या तेव्हा दार सताड उघडं होतं. बाहेर बाकांवर दहा-बारा आईबाप बसलेले. पेरेंट्स मीटिंगचा शनिवार होता. माझ्या आधी मोठ्या गाडीतून आलेलं एक जोडपं आत गेलं होतं. त्यांचा मुलगाही वर्गात बाकावर चढतो, दुसऱ्यांची पेनं फेकतो, हे माझ्या मुलीने मला कितीदा सांगितलं होतं. ते आत गेले तेव्हा शिपायाने दार लावून घेतलं. माझी पाळी आली. शिपाई दाराकडे वळला, तर मॅडम म्हणाल्या, "असू द्या उघडं."

खुर्ची समोर होती. बसा म्हणालं नाही कोणी. मी उभी. मितू माझ्या शेजारी उभी, माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

मितू तिसरीत आहे. शिक्षण हक्क कायद्यात गरिबांसाठी ठेवलेल्या पंचवीस टक्क्यांच्या कोट्यातून लॉटरी लागली आणि तिला ही शाळा मिळाली. घरात त्या दिवशी पेढे वाटले होते आम्ही. तिचे बाबा ई-रिक्षा चालवतात. मी रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात आया आहे. सकाळी सातला जाते, संध्याकाळी सहाला येते. मितू शाळेतून आली की शेजारच्या मावशीकडे असते. तिथे मोबाइल बघते. बघते म्हणजे बघतेच. मी दिला तो मोबाइल, खोटं कशाला सांगू? पण शाळेचा होमवर्कही त्याच मोबाइलवर येतो. कवितेचा व्हिडिओ मोबाइलवर, गणिताचा खेळ मोबाइलवर. वर्गातसुद्धा फळ्याच्या जागी मोठा पडदा. हे सगळं मला तेव्हा म्हणायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "हो मॅडम."

मॅडम म्हणाल्या, "ती एका जागी बसत नाही. टीचरचं ऐकत नाही. आम्हाला वाटतं तिला एडीएचडी आहे, लक्ष न टिकण्याचा आजार. हा फॉर्म भरा. इथेच भरा. इंग्रजी येतं ना तुम्हाला?"

बाहेरच्या बाकांवरून सगळे बघत होते.

मी म्हणाले, "येते."

ही माझी चूक. ती मी कोणावर ढकलत नाही. कन्हानला मराठी शाळेत मी दहावीपर्यंत शिकले. इंग्रजी पाट्या वाचते, वॉर्डात औषधांची नावं ओळखते. पण पूर्ण वाक्य आलं की अडखळते. फॉर्म चार पानांचा होता. डाव्या बाजूला बारीक अक्षरात वाक्यं आणि उजवीकडे प्रत्येक वाक्यापुढच्या रकान्यात चार आकडे. शून्य, एक, दोन, तीन. चाइल्ड दिसलं, स्कूल दिसलं, होमवर्क दिसलं. मला वाटलं, मुलगी कशाकशात कशी आहे ते विचारतायत. मार्क द्यायचेत आईने.

कोणती आई आपल्या लेकराला शून्य देईल?

मी सगळीकडे तीन दिले. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. प्रत्येक गोल नीट काढला. वाटलं, बघू दे यांना, आईच्या नजरेत ही पोरगी काय आहे. फॉर्म परत देताना माझी मान पहिल्यांदा जरा वर झाली होती.

मॅडमनी चारही पानं चाळली. "अच्छा," म्हणाल्या. आणि तो फॉर्म, टीचरने भरलेला कागद आणि एका डॉक्टरांचं कार्ड फाइलीत घालून मला दिलं.

डॉक्टरकडे आम्ही पुढच्या आठवड्यात गेलो. बसायला मऊ सोफा, समोर मासे सोडलेली काचेची पेटी. मितू काचेला तोंड लावून माशांशी बोलायला लागली. गोंधळ घालेल या भीतीने मी तिच्या हातात मोबाइल दिला. आत बोलावलं तेव्हाही तो तिच्या हातात होता. डॉक्टरांनी आधी मोबाइलकडे बघितलं, मग माझ्याकडे. फॉर्म बघितला. टीचरचा कागद बघितला. मितूला नाव विचारलं, आवडता रंग विचारला. दहा मिनिटांत सगळं झालं. "स्कोअर खूप जास्त आहे," म्हणाले. "स्क्रीन बंद करा. गोळी रोज सकाळी." मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, बघू.

बाहेर सोफ्यावर एक बाई भेटल्या होत्या. त्यांची मुलगी दोन वर्षांपासून तीच गोळी घेते. "आधी पेपर अर्धा सोडायची, आता पूर्ण लिहिते," असं त्या सांगत होत्या. खोटं बोलत नव्हत्या. मला धीर आला.

घरी मितूच्या बाबांना विचारलं. ते म्हणाले, "डॉक्टरने लिहून देली तं दे नं. आपल्याले का समजते त्याच्यातलं?"

दिली. रोज सकाळी, पोळीच्या घासाबरोबर.

आणि खरं सांगते, पहिल्या आठवड्यात मला बरं वाटलं. शाळेतून तक्रार नाही. वहीवर चिकटवलेला चमकता तारा. मॅडम गेटवर भेटल्या तर चक्क हसल्या. "बघा, किती छान झाली मुलगी." मितू बसून राहायची. भिंतीकडे बघत बसायची. डबा जसाच्या तसा परत यायचा. मी ओरडले तर म्हणाली, "आई, मले भूकच नाई लागून राहिली." अंगठ्याजवळचं कातडं सोलून सोलून लाल केलं होतं तिने. पूर्वी मी घरात शिरले की दारातच सुरू व्हायची, आज हे झालं, ती अशी पडली, टीचर असं म्हणाली. मी चिडायचे, म्हणायचे, चूप बस वं माय, डोकं खाऊ नको. आता चूप होती. शेजारची मावशी म्हणाली, "पोरगी काहून अशी झाली वं तुई? बिमार हाय का?"

मी म्हणाले, नाही, औषध सुरू आहे.

माझं काम असं आहे की पेशंटला स्ट्रेचरवरून न्यायचं, कपडे बदलायचे, बेडपॅन द्यायचं. आणि ऑपरेशनच्या आधी नातेवाइकाकडून सह्या घ्यायच्या. खरं म्हणजे ते सिस्टरचं काम. पण सिस्टरला वेळ नसतो, म्हणून फॉर्म माझ्या हातात. "इथं करा, इथं करा, अन् इथं." अकरा वर्षं हेच म्हणत आले. कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं: सगळेच करतात.

त्या महिन्यात कुहीकडचा एक माणूस बायकोला घेऊन आला. धानाची शेती. बायकोचं पित्ताशय काढायचं होतं. मी फॉर्म पुढे केला, बोट ठेवलं. त्याने पेन घेतलं नाही.

"काय लिहिलं हाय बाई याच्यात?"

"ऑपरेशनचं हाय. सगळेच करतात."

"ते बराबर हाय. पण लिहिलं काय हाय?"

आवाज चढवला नाही त्याने. नुसता बघत राहिला माझ्याकडे. अकरा वर्षं तो कागद हातात घेऊन फिरले आणि त्यात काय आहे ते मला माहीत नव्हतं. मी सिस्टरला बोलावून आणलं. ती वैतागली, पण तिने ओळ न् ओळ त्याला सांगितली. त्याने दोन प्रश्न विचारले, मग सही केली. माझ्यापेक्षा कमी शिकलेला माणूस. लाजला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मितूची फाइल पिशवीत घालून ड्यूटीवर गेले. जेवणाच्या सुट्टीत त्याच सिस्टरपुढे फॉर्म ठेवला. म्हणाले, "हे मले मराठीत सांगा."

ती वाचायला लागली. शून्य म्हणजे कधीच नाही. तीन म्हणजे नेहमीच.

"लक्ष देत नाही. तीन. जागेवरून उठून पळते. तीन."

मी डबा बंद केला.

"मुद्दाम खोटं बोलते. तीन. लोकांच्या वस्तू चोरते. तीन." ती थांबली. माझ्याकडे बघितलं. "मुक्या जनावरांना छळते. तीन. अगं, हे काय भरलं तू?"

मितू आमच्या गल्लीतल्या लंगड्या कुत्रीला स्वतःच्या ताटातली पोळी देते, त्यावरून माझा मार खाते. आणि तिच्या आईने लिहून दिलं की ही जनावरांना छळते. नेहमीच छळते. आईने. स्वतःच्या हाताने, नीट गोल काढून.

मी स्टोअरमध्ये जाऊन, धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसून रडले. आधी स्वतःची लाज वाटली. मग रडणं थांबलं आणि दुसरंच काहीतरी डोक्यात चढलं.

मी चुकले. कबूल. पण त्या फॉर्ममध्ये एकही शून्य नव्हतं. एकही एक नव्हता. आठ वर्षांची मुलगी चोरी करते, छळ करते, सगळं करते, सगळं नेहमीच करते. हे शिकलेल्या मॅडमने वाचलं. शिकलेल्या डॉक्टरने वाचलं. एकालाही वाटलं नाही की अहो, हे असं कसं असेल? या बाईला फॉर्म कळला नसेल का? एकाने विचारलं नाही. त्यांना ते खरं वाटलं. आमच्या पोरीबद्दल ते खरं मानायला त्यांना काहीच जड गेलं नाही. गाडीतून आलेल्या बाईने असाच फॉर्म भरला असता, तर हसून म्हणाले असते, मॅडम, काहीतरी चुकलंय तुमचं.

ही गोष्ट मला आजही सहन होत नाही.

मी एक दिवसाची रजा टाकली आणि मितूला सरकारी दवाखान्यात नेलं. तीन तास रांग. डॉक्टर बाई तरुण होत्या, थकलेल्या होत्या. मी फॉर्म पुढे ठेवला आणि काय झालं ते सगळं सांगितलं, लाज सोडून. त्यांनी तो फॉर्म बाजूला ठेवला. मराठीत एकेक गोष्ट विचारली. झोपते कधी, मोबाइल किती वेळ, गोष्ट सांगितली तर शेवटपर्यंत ऐकते का, घरातही अशीच का, शाळेत जायला लागल्यापासून का आधीपासून. म्हणाल्या, "गोळी आत्ता थांबवू. वाईट औषध नाही ते. ज्याला हवं त्याला द्यावंच लागतं. पण हिला हवं का, ते असं नाही ठरत. अजून दोनदा यावं लागेल. आणि मोबाइल खरंच कमी करा."

मी म्हणाले, करते. ते सोपं नाही, रोज भांडण होतं घरात. पण करते आहे.

गोळी थांबली आणि मितूची भूक परत आली. बडबड परत आली. वर्गात उठणंही परत आलं. आठ दिवसांत शाळेचा फोन, तिच्या जागेबद्दल बोलायचंय, सोमवारी या.

या वेळीही दार उघडंच होतं. मॅडमनी एक टाइप केलेला कागद सरकवला. "औषध बंद केलंत तुम्ही. मग आम्ही जबाबदारी घेऊ शकत नाही. तिच्या भल्यासाठीच सांगते, दुसरी शाळा बघा. इथे सही करा."

बोट ठेवलं त्यांनी. ते बोट मी ओळखलं. माझंच होतं ते, अकरा वर्षांपासूनचं.

मी खुर्ची ओढली आणि बसले.

"मॅडम, मराठीत वाचून दाखवा."

"तुम्हाला इंग्रजी येतं म्हणालात ना त्या दिवशी?"

"खोटं बोलली मी. लाज वाटली म्हणून. आता नाई वाटत. वाचा."

बाहेर बाकांवर माणसं होतीच. मी आवाज कमी केला नाही. शेवटी त्यांनी वाचलं, घाईघाईत. मी, म्हणजे पालक, स्वखुशीने मुलीचं नाव काढून घेत आहे. शाळेबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही.

"माही खुशी तुम्ही कधी विचारली मॅडम?"

"हे बघा, तुम्ही लोक समजून घेत नाही."

"मीच लिहिलंय एक. हे घ्या."

पिशवीतून मी अर्ज काढला. रात्रभर बसून नाही लिहिला, रविवारी दुपारी लिहिला, मितूच्या वहीचा कागद फाडून, स्वच्छ मराठीत. की आधी भरून दिलेला फॉर्म मला न समजता भरला गेला, तो रद्द समजावा. सरकारी डॉक्टरची तपासणी चालू आहे, त्याची चिठ्ठी सोबत जोडली आहे. यापुढे प्रत्येक कागद मला मराठीत द्यावा. मुलीची जागा कायद्याने आहे, मी ती सोडत नाही. मॅडमनी अर्ज हातात घेतला नाही. मी उठून क्लार्कच्या खिडकीवर गेले. म्हणाले, "आवक शिक्का मारा. अन् पोच द्या."

क्लार्कने मॅडमकडे बघितलं. मी तिथेच उभी राहिले. माझ्यामागे रांग वाढत गेली. कोणीतरी चुकचुकलं, कोणीतरी म्हणालं, "मारून द्या नं गा भाऊ, काहून तंगवून राहिले बाईले?" शिक्का बसला. पोच माझ्याकडे आहे, कपाटात, मितूच्या जन्मदाखल्याजवळ.

तेव्हापासून मितूला मागच्या बाकावर एकटी बसवतात. ताराबिरा बंद. मॅडम गेटवर ओळख दाखवत नाहीत. परवा मितूने विचारलं, "आई, मी खराब हावो का?" मी तिला नाही म्हणाले, जवळ घेतलं, आणि तिने विश्वास ठेवला नाही, हे मला तिच्या ताठ अंगावरून कळलं. याचा हिशोब कोण देणार?

तिला आजार आहे की नाही, ते डॉक्टर बाई पुढच्या महिन्यात सांगतील. असला तर गोळी देईन. माझ्या हाताने, रोज, लाज न वाटता. नसला तर नाही देणार, शाळा कितीही ओरडली तरी. पण नाव मी काढणार नाही. त्यांना ती नको असेल तर त्यांनी तसं लिहून द्यावं. आम्ही या मुलीला का काढतो, ते कारणासकट, मराठीत, खाली स्वतःची सही करून.

दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी क्लार्कच्या खिडकीवर जाऊन विचारते, लिहिलं का?